पेरणाऱ्याचा दृष्टांत आणि साधकाचे अंतःकरण

दृष्टांतपाठाचे अध्ययन करणाऱ्यास सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक ही त्रयी सुपरिचित आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपणप्रसंगी योजिलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी सूत्रांशी लावून दाखविले आणि प्रत्येकास दार्ष्टांतिक जोडिले. श्रोत्याने गोष्ट ऐकून केवळ रंजन पावून उठू नये, गोष्टीतील कोणती वस्तू कोणत्या तत्त्वाच्या ठायी आहे हे त्याने निश्चित करावे, असा त्या रचनेचा हेतू आहे. ही दृष्टी ज्यास लाभली, त्याच्या मनात अन्य धर्मग्रंथांतील दृष्टांतांविषयीही जिज्ञासा उत्पन्न होणे स्वाभाविक होय.

ख्रिस्ती शुभवर्तमानांत असे अनेक दृष्टांत आहेत. त्यांस मूळ ग्रीक भाषेत ‘पॅराबोली’ म्हणतात. एका वस्तूच्या शेजारी दुसरी वस्तू ठेवणे, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्यासाठी ‘दृष्टांत’ आणि ‘दाखला’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. त्यांपैकी पेरणाऱ्याचा दृष्टांत येथे विचारार्थ घेतला आहे, आणि त्यास कारणे तीन. एक, तो मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आला आहे. दुसरे, दृष्टांतापाठोपाठ त्याचे दार्ष्टांतिकही येशू ख्रिस्ताच्याच मुखी तेथे दिलेले आहे. तिसरे आणि मुख्य कारण असे की, त्याचा विषयच श्रवण हा आहे. वचन ऐकिल्यावर त्याचे ऐकणाऱ्याच्या ठायी पुढे काय होते, हे तो सांगतो. ज्या मार्गात वचन हेच साधकाचे जीवन मानिले आहे, त्या मार्गातील वाचकास हा प्रश्न परका नाही.

ईश्वर, जीव आणि मोक्ष यांविषयीचे दोन्ही मार्गांचे सिद्धांत भिन्न आहेत. ते एकत्र कालविण्याचे येथे प्रयोजन नाही. अंतःकरणाची मशागत एवढाच विषय आहे.

दृष्टांत

गालील सरोवराच्या काठी लोकांची एवढी दाटी झाली की, येशू एका होडीत जाऊन बसला आणि लोक काठावर उभे राहिले. तेथून त्याने सांगितलेली गोष्ट अशी : एक पेरणारा पेरावयास निघाला. पेरताना काही बी वाटेवर पडले, ते पाखरांनी येऊन टिपले. काही खडकाळ जागी पडले. तेथे माती थोडी होती, म्हणून ते लवकर उगवले, परंतु ऊन चढताच मूळ नसल्यामुळे करपून गेले. काही काटेरी झुडुपांत पडले. काटे वाढले, त्यांनी रोपास कोंडून टाकिले आणि त्यास दाणा धरला नाही. उरलेले चांगल्या जमिनीत पडले आणि त्याचे तीसपट, साठपट व शंभरपट पीक आले. ज्यास कान आहेत त्याने ऐकावे, असे म्हणून त्याने गोष्ट संपविली.

ज्या देशात ही गोष्ट सांगितली गेली तेथील शेती ध्यानी घेतल्यास तिचे मर्म अधिक उघड होते. पॅलेस्टाईनच्या डोंगराळ भागात चुनखडीच्या खडकावर मातीचा थर अनेक ठिकाणी अगदी पातळ असतो, आणि खाली खडक आहे हे वरून दिसत नाही. उन्हाळा कोरडा जातो. शरद ऋतूतील पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की पेरणी होते, आणि वसंतात जव व त्यामागून गहू कापणीस येतो. पेरणारा ओंजळीने बी फेकीत चालतो, त्यामुळे ते कोठे पडेल याचा काटेकोर हिशेब राहत नाही. शेतातून जाणाऱ्या पायवाटा असतातच. तेथे पेरणी आधी होत असे की नांगरणी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या ग्रंथात शब्बाथाच्या दिवशी वर्ज्य कर्मांची जी गणना आहे, तीत पेरणीचा उल्लेख नांगरणीच्या आधी येतो, हे मात्र लक्षणीय आहे.

दार्ष्टांतिक

शिष्यांनी एकांतात अर्थ विचारिला, तेव्हा तो असा सांगण्यात आला. बी म्हणजे वचन. वाटेवरचे बी म्हणजे ऐकिलेले वचन अंतःकरणात शिरण्यापूर्वीच सैतान हरण करितो ती स्थिती. खडकाळ जागा म्हणजे वचन आनंदाने स्वीकारणारा, परंतु संकट वा छळ येताच ढळणारा. काट्यांची जागा म्हणजे संसाराची चिंता, धनाचा मोह आणि अन्य वासना यांनी ज्याच्या ठायी वचन गुदमरते तो. चांगली जमीन म्हणजे ऐकून, स्वीकारून फळ देणारा.

इ. स. १९४५ मध्ये इजिप्त देशात नाग हम्मादी येथे काही प्राचीन हस्तलिखिते सापडली. त्यांतील थोमाच्या शुभवर्तमानात हाच दृष्टांत आहे, पण तेथे दार्ष्टांतिक मुळीच दिलेले नाही. यावरून आणि अन्य कारणांवरून काही अभ्यासक असे मानतात की, दार्ष्टांतिक हे आरंभीच्या ख्रिस्ती समुदायाने आपल्या अनुभवातून जोडिले असावे. इतर अभ्यासकांस हे मान्य नाही. दृष्टांत स्वामींचा आणि दार्ष्टांतिक केशिराजांचे, हा भेद जाणणाऱ्या वाचकास या वादाचे स्वरूप सहज कळेल. साधकाच्या दृष्टीने मुख्य गोष्ट एवढीच की, दार्ष्टांतिकावाचून दृष्टांत अनेक दिशांनी वाहू शकतो आणि दार्ष्टांतिकाने त्यास काठ मिळतात.

चार माणसे की एक अंतःकरण?

येथे मुख्य शंका उपस्थित होते. चार प्रकारची जमीन म्हणजे चार प्रकारचे मनुष्य असा अर्थ घेतला, तर त्यातून दोन अनर्थ संभवतात. वाट ही वाटच राहणार आणि खडक हा खडकच राहणार. मग ज्याच्या वाट्यास खडक आला त्याने साधन कशासाठी करावे? त्यास निराशा येईल. उलटपक्षी, ज्याने स्वतःस चांगल्या जमिनीत गणिले त्यास करावयाचे काही उरणार नाही. तो शेजाऱ्याच्या शेतातील धोंडे मोजीत बसेल. दृष्टांत ऐकून एकाने हात टेकावे आणि दुसऱ्याने मान ताठ करावी, यासाठी तो सांगितला असेल हे संभवत नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया नगरीत मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचने करिताना संत योहान ख्रिसोस्तोम याने ही शंका नेमकी पकडिली. शेतकरी जाणूनबुजून खडकावर पेरील तर तो मूर्ख ठरेल, कारण खडकाची माती होत नाही. परंतु अंतःकरणाच्या बाबतीत तसे नाही. तेथे खडक पालटून सुपीक भूमी होऊ शकते, वाट तुडविली जाण्याची थांबू शकते आणि काटे उपटता येतात. हे शक्य नसते तर पेरणाऱ्याने तेथे पेरिलेच नसते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील धर्माध्यक्ष संत ऑगस्टीन (मृत्यू इ. स. ४३०) यानेही या दृष्टांतावरील आपल्या प्रवचनात श्रोत्यांस हेच विनविले आहे की, वेळ आहे तोवर पालटा, कठीण जमीन नांगरा, धोंडे वेचून टाका, काटे उपटा.

दृष्टांत हा एकदेशी असतो, हे तर्कशास्त्राचे वचन येथे उपयोगी पडते. चंद्रासारखे मुख म्हटले असता चंद्राचा डाग मुखावर घ्यावयाचा नसतो. तद्वत् जमिनीचे जडत्व अंतःकरणावर लादावयाचे नाही. जमीन स्वतःस नांगरू शकत नाही, मनुष्य आपल्या चित्तास वळण देऊ शकतो. चार भूमी या एकाच अंतःकरणाच्या चार अवस्था होत, आणि त्या एका दिवसातही पालटतात, असे घेतल्यास दृष्टांत प्रत्येक श्रोत्याच्या दाराशी येऊन उभा राहतो. मग ‘तो कोणती जमीन?’ हा प्रश्न गळून पडतो आणि ‘हे वचन ऐकिले तेव्हा चित्त कोणत्या अवस्थेत होते?’ एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

पहिली अवस्था : वाट

वाटेची माती आणि शेताची माती यांत जातीचा भेद नाही. तीच माती, त्याच शेतातली. केवळ पायांखाली सतत आल्यामुळे ती घट्ट झालेली असते. यावरून हे लक्षात येते की, कठोरपणा हा अंतःकरणाचा स्वभाव नसून तो वहिवाटीने आलेला असतो. वहिवाट दोन प्रकारची असते. एक, लोकांच्या गोष्टी, वादविवाद, निंदास्तुती यांची ये-जा. दुसरी अधिक सूक्ष्म आहे, आणि ती नेमाने शास्त्र ऐकणाऱ्यासच बाधते. रोज तेच वचन त्याच चालीवर कानी पडत राहिले आणि मनाने त्याकडे वळून पाहिले नाही, तर वचनाचीच पाऊलवाट होते. वचन मुखोद्गत होते, पण ते मनाच्या पृष्ठावरच राहते. पाखरास ते टिपावयास कष्ट पडत नाहीत. सभेतून उठल्यावर दोन पावले चालेपर्यंत ते गेलेले असते, आणि गेले हेही कळत नाही. चारही अवस्थांत ही अवस्था अशी की, तीत हानीची वेदनाच होत नाही.

दुसरी अवस्था : खडक

येथे बी सर्वांआधी उगवते. थर पातळ असल्यामुळे ऊब लवकर धरते आणि अंकुर तत्काळ वर येतो. पाहणाऱ्यास वाटावे, हेच शेत उत्तम! नव्या बोधाने भारावून जो एका दिवसात सर्वस्व टाकावयास निघतो, त्याची स्थिती अनेकदा अशी असते. त्याचा आनंद खोटा नसतो. उणीव खोलीची असते. वचनाने त्याच्या भावनेचा ताबा घेतलेला असतो, पण ज्या सवयींच्या आणि अहंतेच्या खडकावर त्याचे जीवन उभे आहे, तो अद्याप फुटलेला नसतो.

पुढे ऊन येते. येथे सूक्ष्म दृष्टीने पाहिल्यास असे दिसेल की, खडकावरील रोपास जे ऊन जाळिते, तेच चांगल्या जमिनीतील पीक पिकविते. सूर्य एकच आहे. अपमान, रोग, वियोग, आप्तांचा विरोध यांस साधक विघ्न म्हणतो. परंतु ज्याचे मूळ खोल आहे त्यास त्यांवाचून पक्वता येत नाही. म्हणून संकटाने कोणी ढळला तर दोष संकटाचा आहे की मुळाचा आहे, याचा शोध त्याने आपल्या ठायी घ्यावा.

तिसरी अवस्था : काटे

तिसरी जमीन वाईट नाही. काटेरी झुडूप माजते त्या अर्थी तेथे माती खोल आहे आणि ओलही आहे. म्हणूनच ही अवस्था अनुभवी साधकास अधिक घातक ठरते. येथे रोप मरत नाही. ते उभे असते, हिरवे दिसते, परंतु त्यास दाणा धरत नाही. आचार चालू असतो, वेष असतो, पाठ असतो, फळ मात्र नसते. काट्यांची नावे तिन्ही शुभवर्तमानांत थोड्याफार फरकाने सांगितली आहेत : चिंता, धनाचा मोह, मार्कात अन्य वस्तूंची वासना आणि लूकात विषयसुख. त्यांत चिंतेस अग्रस्थान आहे. पाप म्हणून ज्यास कोणी नावे ठेवणार नाही, अशी ही गोष्ट. गृहस्थास मुलाबाळांची चिंता, तर घर सोडिलेल्यास आश्रमाच्या व्यवस्थेची चिंता. दोघेही तिला कर्तव्य म्हणतात, आणि ती कर्तव्य असतेही. पण ज्या ओलाव्यावर वचनाने वाढावयाचे, तोच ओलावा ती शोषून घेऊ लागली की ती काटा झाली असे समजावे. काटा वरवर छाटला तर पुन्हा फुटतो, कारण मूळ आत राहते. काट्यांत पेरू नका, पडीक भूमी आधी फोडा, असा उपदेश यिर्मया या इस्राएली संदेष्ट्याने या दृष्टांतापूर्वी सहा शतके केला होता.

चौथी अवस्था : चांगली जमीन

चांगल्या जमिनीचे लक्षण तिन्ही ग्रंथकार वेगवेगळ्या शब्दांनी सांगतात, आणि ते शब्द एकत्र ठेविले असता साधनेचा क्रमच हाती येतो. मार्कात वचन ऐकून स्वीकारणे आहे. मत्तयात ऐकून समजणे आहे. लूकात प्रांजळ व चांगल्या अंतःकरणात ते धरून ठेवणे आणि धीराने फळ देणे आहे. श्रवण, स्वीकार, आकलन, धारण आणि धैर्य अशी ही चढण होय. पहिल्या तीन भूमींतही वचन ऐकिले गेलेच होते. फरक श्रवणानंतरच्या पायऱ्यांत पडला. वाट आकलनावाचून राहिली, खडकाळ जमीन धैर्यावाचून राहिली, आणि काट्यांची जमीन धारणेवाचून राहिली, कारण तिने वचनासोबत इतर सर्वच धरून ठेविले.

तीस, साठ, शंभर

चांगल्या जमिनीतही पीक सारखे नाही. मार्क तीसपासून शंभरापर्यंत चढत जातो, मत्तय शंभरापासून तीसापर्यंत उतरतो, आणि लूक केवळ शंभराचाच उल्लेख करितो. चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेला संत जेरोम याने या संख्यांचा अर्थ असा लाविला की, तीस हे विवाहितांचे, साठ हे विधवांचे आणि शंभर हे ब्रह्मचर्यव्रतस्थांचे फळ. त्यागाचे महत्त्व सांगण्यास हा अर्थ सोयीचा असला तरी दृष्टांताच्या मुखात तो नाही. वेष वा आश्रम यांवरून पिकाची मोजणी तेथे कोठेही केलेली नाही. तीसपट देणारी जमीनही चांगलीच म्हटली आहे, आणि तिला उणा शब्द लावलेला नाही. संन्यस्ताने शंभर हे आपले ठरलेले आहे असे समजू नये, आणि वासनिकाने तीस ही आपली मर्यादा आहे असे समजून थांबू नये. पीक किती आले हे पाहण्याचा अधिकार शेताच्या धन्याचा आहे.

दिसत नाही ती वाढ

मार्काच्या त्याच अध्यायात आणखी एक लहान दृष्टांत आहे, आणि तो अन्य कोणत्याही शुभवर्तमानात नाही. एक मनुष्य बी टाकितो, रात्री निजतो, दिवसा उठतो, बी उगवते आणि वाढते, पण कसे ते त्यास कळत नाही. भूमी आपोआप पीक देते, प्रथम पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पेरणाऱ्याच्या दृष्टांताशेजारी हा ठेविला म्हणजे साधकाची आणखी एक चूक सुधारते. पहिल्या दृष्टांताने जागा झालेला साधक आपले अंतःकरण वारंवार उकरून पाहू लागतो. प्रगती किती झाली, शांती का आली नाही, असे तो रोज विचारितो. रोज उकरलेले बी मूळ धरत नाही. मशागत साधकाची, वाढ साधकाची नव्हे. पाते दिसते तेव्हा कणीस मागू नये, आणि कणीस आले म्हणजे दाणा भरला असेही समजू नये.

एक कठीण स्थळ

दृष्टांताच्या आणि दार्ष्टांतिकाच्या मध्ये एक वचन आहे, ते वाचकास अडखळविते. बाहेरच्यांस सर्व काही दृष्टांतांनीच सांगितले जाते, यासाठी की त्यांनी पाहूनही पाहू नये आणि ऐकूनही समजू नये, असा मार्कातील आशय आहे. मत्तयात ‘यासाठी की’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘कारण की’ या अर्थाचा शब्द आहे. ते पाहूनही पाहत नाहीत, म्हणून दृष्टांतांनी बोलावे लागते, असा तेथील अर्थ होतो. एका शब्दाने हेतूचे कारण झाले. ख्रिस्ती टीकाकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. अधिकाराचा विचार ज्यास ठाऊक आहे, त्यास एवढे तरी ध्यानी येईल की, एकच दृष्टांत एकास द्वार होतो आणि दुसऱ्यास भिंत होतो. द्वार कोणास झाले? ज्यांनी गोष्ट संपल्यावर मागे राहून अर्थ विचारिला त्यांस. शिष्यांसही तो आधी कळला नव्हता. त्यांचे वेगळेपण एवढेच की, कळले नाही हे त्यांनी लपविले नाही.

पेरणाऱ्याचे औदार्य

शेवटी दृष्टी जमिनीवरून काढून पेरणाऱ्याकडे वळवावी. चारपैकी तीन ठिकाणचे बी वाया जाते, तरी त्याची मूठ आखडत नाही. वाटेवर आणि खडकावरही तो टाकीत जातो. ‘जीवोद्धरणाचे व्यसन’ हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांस हे औदार्य निराळे समजावून सांगावयास नको. जमीन बी निर्माण करीत नाही आणि पाऊसही पाडीत नाही. ते तिला दिले जाते. साधकाचा प्रयत्न कोठे संपतो आणि कृपा कोठे आरंभते, याची सीमा ख्रिस्ती परंपरेत फार वादाची झाली. स्वतः ऑगस्टीनाने पुढे पेलागियसाच्या मताविरुद्ध असे प्रतिपादिले की, वळण्याची इच्छाही कृपेचेच दान आहे. त्या वादाचा निर्णय त्या त्या शास्त्राने करावा. व्यवहारात मात्र दोन्ही गोष्टी साधकाने एकत्र धराव्या. मशागतीच्या वेळी सर्व आपल्यावरच आहे असे समजून कष्ट करावे, आणि पीक आले असता त्यातील काहीही आपले नाही असे जाणावे.

यावरून साधकाने नित्य करावयाचा विचार असा निष्पन्न होतो. निरूपण ऐकून वा पाठ आटोपून उठण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आज ऐकिलेल्यापैकी एकतरी वचन आत गेले काय? गेले असल्यास ते आज कोणत्या प्रसंगी उन्हात उभे राहील? त्याच्या वाट्याचा ओलावा कोण शोषीत आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणाविषयी देऊ नयेत. एखाद्या दिवशी उत्तर ‘वाट’ असे आले तरी खचू नये. वाटेची माती शेतातलीच असते, आणि पेरणारा पुन्हा त्याच बाजूने जाणार असतो. त्याच्या येण्याआधी तेवढी जमीन उकलून ठेवावी.